लिंकरची तक्रार आणि मराठीचा वर्णक्रम

मराठी शिकवणाऱ्यांनी लिंकरविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु एखाद्या ग्रंथाची शब्दसूची करणे, एका लेखकाच्या शब्दसंग्रहाची दुसऱ्याशी तुलना करणे ही कामे आता मराठीचे विद्यार्थी संगणकावर करू लागले आहेत, आणि अशी बरीच कामे एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आज्ञावली लिहून होते, बाहेरची एखादी लायब्ररी वापरायची असते, आणि पडद्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी इंग्रजी तक्रार उमटते. तिथून पुढे प्रकरण 'तांत्रिक' ठरते व संगणक विभागाकडे पाठवले जाते. आमचे म्हणणे असे की, ही अडचण मुख्यतः वाचनाची आहे, आणि ती न वाचण्याची किंमत शेवटी मराठीलाच मोजावी लागते.

किंमत कोणती, ते आधी पाहू. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल च्या शेजारी, व च्या आधी बसला आहे. संगणकाने शब्दांची मांडणी केवळ या तक्त्यातील क्रमांकांनुसार केली, तर 'काळ' हा शब्द 'कावळा' आणि 'काहूर' यांच्या आधी येतो. वर्णमालेप्रमाणे तो दोहोंच्या नंतर यायला हवा. 'वाऱ्यावर' या शब्दातील ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. वाचणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही; पण साधी तुलना करणारी आज्ञावली त्यांचे दोन वेगळे शब्द मोजते. म्हणजे क्रमही चुकला आणि वारंवारिताही.

यावर उपाय उपलब्ध आहे. 'इंटरनॅशनल कॉम्पोनंट्स फॉर युनिकोड', म्हणजेच आयसीयू, ही लायब्ररी आयबीएमने १९९९ मध्ये सर्वांसाठी खुली केली. २०१६ पासून ती युनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली आहे. भाषेगणिक वेगळे असणारे वर्णक्रमाचे नियम तीत आहेत, मराठीचेही आहेत. आणि ऱ ची वरील दोन्ही लेखने ती एकच मानते. सी भाषेतल्या आज्ञावलीत 'यूकॉल_ओपन' या फलनाला 'एमआर' हे मराठीचे लघुनाम दिले, की हे नियम हाती येतात. निदान यावेत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात गाडी बहुधा इथेच अडते.

ती का अडते, हे समजण्यासाठी आज्ञावली दोन टप्प्यांत सिद्ध होते एवढे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या टप्प्यात कंपायलर आपला मजकूर तपासतो. 'यूकॉल_ओपन' नावाचे काही आहे व ते अमुक प्रकारे वापरायचे, एवढी घोषणा हेडर फाइलमध्ये मिळाली की त्याचे समाधान होते. ग्रंथसूचीतली नोंद पाहून ग्रंथ आहे असे मानावे, तसे हे आहे. दुसऱ्या टप्प्यात लिंकर तो ग्रंथ फडताळावरून खरोखर काढायला जातो. तो हाती लागला नाही, की तक्रार येते. म्हणून 'हेडर तर जोडले होते' हे विद्यार्थ्याचे उत्तर खरे असूनही गैरलागू असते.

आता तक्रारीचा मजकूर पाहावा. सर्वांत शेवटची ओळ 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस' अशी असते. मदत मागताना बहुतेक जण नेमकी हीच ओळ उतरवून पाठवतात. तिचा अर्थ 'लिंकर अयशस्वी झाला' एवढाच. कारण तीत नसते, ते वरच्या ओळींत असते. 'कॅनॉट फाइंड' अशी ओळ असेल, तर लायब्ररीची फाइलच सापडलेली नाही. ती यंत्रावर नसेल, विकसनासाठीचा तिचा वेगळा संच बसवायचा राहिला असेल, किंवा ती वेगळ्या जागी असून ती जागा लिंकरला 'हायफन मोठा एल' देऊन सांगितलेली नसेल. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असेल, तर त्या नावाची व्याख्या हाती आलेल्या कोणत्याच फाइलमध्ये लिंकरला मिळालेली नाही. आज्ञावली बांधून झाल्यावर, ती चालवताना लायब्ररी मिळाली नाही अशी तक्रार आली, तर ती लिंकरची नव्हेच, लोडरची आहे. तीन वाक्ये, तीन वेगळे रोग. आणि आपण तिन्हींना 'एरर आला' असे एकच नाव देतो.

'अनडिफाइन्ड रेफरन्स'चेही पोटभेद आहेत. लायब्ररीचे नाव आज्ञेत दिलेलेच नसणे, हा सर्वांत साधा. नाव दिले, पण आपल्या फाइलच्या आधी दिले, हा दुसरा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणापर्यंत जे मागितले गेले आहे तेवढेच सामान्यतः लायब्ररीतून उचलतो. काही मागण्याआधीच लायब्ररी पुढे केली, तर तो रिकाम्या हाताने पुढे सरकतो. म्हणून आधी आपली फाइल, मग आयसीयूची 'आय१८एन' आणि त्यानंतर ती जिच्यावर विसंबते ती 'यूसी', असा क्रम ठेवावा. 'पीकेजी-कॉन्फिग' हे साधन योग्य नावे योग्य क्रमाने आपण होऊन देते.

तिसरा पोटभेद आम्हां साहित्याच्या लोकांना विशेष जवळचा वाटावा. आयसीयूतील फलनांच्या नावांना आवृत्तीचा क्रमांक चिकटवलेला असतो. आपण 'यूकॉल_ओपन' लिहितो. हेडर त्याचे 'यूकॉल_ओपन_७४' करते. यंत्रावर दोन आवृत्त्या असल्या, हेडर ७२ चे आणि लायब्ररी ७४ ची लागली, तर लिंकर '_७२' असे शेपूट असलेले नाव शोधत राहतो आणि ते नाव तिथे नसते. तक्रारीतील तो आकडा वाचला, तर निदान तिथल्या तिथे होते. 'एनएम' या साधनाला 'हायफन मोठा डी' देऊन लायब्ररीतली नावांची यादी काढावी आणि ताडून पाहावे. त्या यादीत नावासमोर 'यू' असेल, तर त्याची तिथे केवळ मागणी आहे, व्याख्या नाही. 'टी' असेल, तर व्याख्या आहे. हा 'टी' टेक्स्ट या शब्दाचा आहे, हा योगायोग आम्हांला सुखावतो. एका आवृत्तीची सूची हाती धरून दुसऱ्या आवृत्तीत पृष्ठ शोधणाऱ्या संशोधकाला पाठचिकित्सेच्या तासाला आपण जे सांगतो, त्याहून हे वेगळे नाही.

हे न वाचता काय केले जाते? कुठून तरी मिळालेल्या आज्ञा एकामागून एक चिकटवल्या जातात, लायब्ररी तीन ठिकाणांहून तीनदा बसवली जाते. आणि आवृत्त्यांचा घोळ अनेकदा इथेच जन्मतो. शेवटी कंटाळून ती लायब्ररीच काढून टाकली जाते व साधी क्रमवारी वापरली जाते. आज्ञावली निमूटपणे चालते, सूची छापली जाते. तीत 'काळ' हा 'कावळ्या'च्या आधी असतो, आणि हा निर्णय कोणी घेतला असे विचारले तर कोणाचेच नाव सांगता येत नाही. ज्या वर्णक्रमावर आपण परीक्षेत प्रश्न विचारतो, तो एका न वाचलेल्या ओळीमुळे बदलून जावा, याची आम्हांला चिंता वाटते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पायथनसारखी सोपी भाषा असता सी हवीच कशाला, हा पहिला. पण पायथनमधून आयसीयू वापरू जाता तिला जोडणारा दुवा अनेकदा यंत्रावरच बांधावा लागतो, आणि मग तोच लिंकर पुन्हा समोर उभा राहतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की झाले, हा दुसरा. जरूर विचारावे. परंतु तिने सुचवलेल्या पाच उपायांपैकी आपल्या तक्रारीला कोणता लागू आहे, हे ठरवायला तक्रार वाचता यावी लागते; आणि शेवटची एकच ओळ पाठवणाऱ्याला तीही नेमके उत्तर देऊ शकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तेव्हापासून कोश, सूची, संहितांचे संगणकीकरण यांविषयी उत्साहाने बोलले जाते. त्या उत्साहात आम्ही सहभागी आहोत. मात्र मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आज्ञावलीकार व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. संगणक आणि मराठी असा विषय जिथे शिकवला जातो, तिथे टंकलेखनाच्या पुढे जाऊन दोन तास या तक्रारी ओळीओळीने वाचण्यास द्यावेत. आणि कोणतीही सूची प्रसिद्ध करताना तिचा वर्णक्रम कोणत्या नियमांनी, लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीने लावला, हे प्रस्तावनेत नोंदवावे. हस्तलिखितांच्या संपादकाकडून आपण एवढी अपेक्षा करतोच. संगणकावर सूची करणाऱ्याकडूनही ती करायला हवी.