बंदुकीचा परवाना पाच वर्षांचा, पण काडतूस कधीचं?

वाशीम : सोयाबीन निघालं की तूर आणि हरभऱ्यावर रोही, रानडुकरांचे कळप उतरतात. रिसोड, मालेगावपासून कारंजा, मानोऱ्यापर्यंत हेच. जागलीला जाणाऱ्या काही शेतकऱ्यांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक असते. परवान्यासाठी चकरा होतात, बंदूक पुसून ठेवली जाते. काडतुसाकडे मात्र कोणी पाहत नाही.

धोका तिथंच आहे. परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, वय नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे झाली. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते आणि डबा घरात तसाच राहतो, तोही कधी खताच्या पोत्याशेजारी. कागदी काडतूस ओल धरून फुगते, पितळी बुडाला हिरवट गंज चढतो. असे काडतूस वापरू नये. ते फोडूही नये, परवानाधारक विक्रेत्याला किंवा ठाण्यात विचारून जमा करावे.

दुसरी गोष्ट लांबीची. जुन्या दुनळीचे चेंबर अनेकदा ६५ मिलिमीटरचे असते, आजची बरीच काडतुसे ७० ची. तोंड दुमडलेले असल्याने ७० चे काडतूसही आत बसते. पण उडताना ते उलगडते, जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. नळीवरचा आकडा माहीतगाराकडून वाचून घेतलेला बरा.

घोडा दाबूनही बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. आवाज फुसका आला, तर दुसरा बार करूच नये. आधी बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते का पाहावे. आत बूच अडकले असेल, तर पुढच्या बाराला नळी फाटते. जातो तो हात, नाही तर डोळा.

बारा बोअरची काडतुसे पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनतात. १८६९ चा हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे आहे. माल परवानाधारक दुकानातूनच, पावतीसह घ्यावा. उसना घेतला, तर दर्जाही कळत नाही आणि कायदाही मोडतो.

बंदूक आहे म्हणून जनावर मारता येत नाही, त्याला वन खात्याची परवानगी वेगळी लागते. पण नूतनीकरणाला कागद तपासले जातात, तशी काडतुसेही एकदा तपासली, तर प्रशासनाचा खर्च फारसा नाही. शेतकऱ्याचा हात मात्र वाचेल.