घरापूर्वीं दोन दिवस सागरतीरीं

परदेशांतून सहकुटुंब परतणारे चिरंजीव विमानतळावरून थेट घरीं न येतां दोन दिवस समुद्रकांठीं विसांवा घेऊन मग येणार, असें कळलें म्हणजे घरांतील वडील मंडळी मनांतून खट्टू होतात. आमच्या शहापुरासारख्या गांवीं तर ‘आईबापांपेक्षां समुद्र जवळचा झाला काय?’ असें विचारणारे शेजारीहि निघतात. या तक्रारीचा शांतपणें विचार व्हावा, एवढ्यासाठीं हे चार शब्द.

पूर्वीं प्रवासच लांबलचक असे. कल्याणास जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेहून निघाल्या, त्या नोव्हेंबरांत मुंबईस पोंचल्या. आजारामुळें त्यांस तो प्रवास सुखाचा झाला नाहीं. परंतु निरोगी उतारूस आगबोटीवर एक लाभ निश्चित होई. बोट जशी पूर्वेकडे सरके, तसें घड्याळहि थोडथोडें पुढें केलें जाई, आणि देहास नव्या वेळेचा सराव वाटेंतच घडे. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान मुंबईहून लंडनास निघालें, आणि आठवड्यांचा पल्ला तासांवर आला. वेळ वांचला, त्याबरोबर हा सरावहि गेला.

हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. विमान तें अंतर एका रात्रींत तोडतें. देहांतील घड्याळ मात्र, स्थूल मानानें, दिवसास एखादाच तास पुढें सरकतें. आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात, तेव्हां लंडनांत रात्रीचे अडीच झालेले असतात. म्हणून सूनबाईंस जाग येत नाहीं, आणि नातू मध्यरात्रीं टक्क जागा राहून खाऊ मागतो. त्यांतच भेटीस येणाऱ्यांची रीघ लागते. पहिल्याच दिवशीं सुनेच्या नांवावर आळशीपणाचा शिक्का बसतो, थकलेल्या मुलाच्या तोंडून एखादें तुटक उत्तर जातें, आणि तें वर्षभर सलत राहतें.

यासाठीं केळव्यासारखा किनारा चांगला. २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत तो आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होता. सुरूचीं झाडें, शीतळादेवीचें देऊळ आणि लांबवर वाळू. दिवसा मोकळा उजेड आणि रात्रीं काळोख मिळाला, कीं देहाचें घड्याळ मार्गावर येऊं लागतें. दोन दिवसांत तें पुरतें जुळणार नाहीं. परंतु शिणवटा उतरतो. तेथून मनोर व वाडा या वाटेनें शहापूर गांठतां येतें.

आतां मुलांसहि एक सांगणें आहे. वृद्ध आईबापांस उंबरठ्यावर डोळे लावून बसवूं नका. त्यांनाच किनाऱ्यावर बोलवा. आजोबांसवें वाळूंत किल्ला रचतांना नातवाची जीभ मराठीकडे वळेल, आणि सासूसुनांस स्वयंपाकघराच्या धांदलीवांचून बोलावयास सांपडेल.

घरीं कोणी अंथरुणास खिळलें असेल, तर मात्र थेट घरींच यावें. मग घरच्यांनीं भेटीस येणाऱ्यांस दोन दिवस नम्रपणें थांबवावें, गच्चीवर वा ओटीवर उजेडांत बसूं द्यावें, आणि सूनबाई उशिरां उठल्या तर कोणीं ब्र काढूं नये. समुद्राचें एवढें काम घरांतहि होऊं शकतें.