अंतराचा हिशेब आणि व्यस्त आव्यूह

1920 साली नागपूरला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापनाचा तपशील तपासण्याची विनंती प्रशांतचंद्र महालनोबिस यांना केली, आणि तेथून सुरू झालेल्या चिंतनाची परिणती 1936 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सांख्यिकीय अंतराच्या व्याख्येत झाली. ही व्याख्या आज जगभर राबते आहे. परंतु जिच्यावर तिचा सारा भार आहे त्या एका क्रियेविषयी आपल्या अध्यापनात जी बेफिकिरी आढळते, ती मला खरोखर चिंताजनक वाटते.

ती क्रिया म्हणजे आव्यूहाचा व्यस्त घेणे. निरनिराळी मापे परस्परांशी कितपत संलग्न आहेत याची नोंद सहप्रचरण आव्यूहात, म्हणजे कोव्हेरिअन्स मॅट्रिक्समध्ये असते; अंतर काढताना मात्र त्याचा व्यस्त, अर्थात प्रिसिजन मॅट्रिक्स, योजावा लागतो. उंची आणि हाताची लांबी ही दोन मापे घ्या, दोन्ही आपापल्या प्रमाण विचलनाच्या एककात मांडा, आणि त्यांचा सहसंबंधांक 0.8 धरा. एक मनुष्य सरासरीहून एक एकक उंच आणि हातानेही तितकाच लांब; दुसरा तेवढाच उंच, परंतु हाताने एक एकक आखूड. व्यस्त आव्यूहाने पहिल्याच्या अंतराचा वर्ग सुमारे 1.11 येतो आणि दुसऱ्याचा 10. कारण उंच माणसाचे हात लांब असणे स्वाभाविक, आखूड असणे विरळा. सूत्रात व्यस्ताऐवजी मूळ आव्यूहच घातला, तर तीच उत्तरे अनुक्रमे 3.6 आणि 0.4 अशी येतात, म्हणजे जो विलक्षण तो सामान्य ठरतो आणि जो सामान्य तो विलक्षण.

संगणक या प्रमादाची दखल घेत नाही. दोन्ही आव्यूहांचा आकार एकच आणि दोहोंतून धन संख्याच निघत असल्यामुळे तो निमूटपणे उत्तर देतो. त्यातच ‘आर’ या प्रणालीतील महालनोबिस-फलनाला सहप्रचरण आव्यूह द्यावा लागतो व त्याचा व्यस्त ते स्वतः काढते, तर पायथनच्या ‘सायपाय’मधील फलन व्यस्तच हाती द्यावा अशी अपेक्षा करते, शिवाय पहिले अंतराचा वर्ग देते, दुसरे त्याचे वर्गमूळ. एका प्रणालीची सवय जडलेल्या विद्यार्थ्याने दुसरीत अनवधानाने गफलत केली, तर दोष एकट्या त्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

म्हणून संख्याशास्त्राच्या अध्यापकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की संगणकाची कळ दाबू देण्यापूर्वी हे दोन मनुष्यांचे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याकडून कागदावर सोडवून घ्यावे.