शोक कशाचा?

ज्या मुलीस ऐकूं येत नाहीं तिची गोष्ट निघाली कीं, आपल्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडतो तो “बिचारी!” असें म्हणणारांचा हेतु वाईट असतो असें नाहीं. परंतु अॅन क्लेअर लेझॉट या अमेरिकन लेखिकेची ‘शो मी अ साइन’ ही मुलांकरितां लिहिलेली कादंबरी (२०२०) वाचल्यापासून तो शब्द माझ्या ओठांवर येतां येतां अडखळतो. लेखिका स्वतः कर्णबधिर आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

कथा १८०५ सालची. स्थळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयर्ड या बेटावरचें चिलमार्क गांव. नायिका मेरी लॅम्बर्ट अकरा वर्षांची. वडील तिच्यासारखेच कर्णबधिर. आईला ऐकूं येतें. थोरला भाऊ जॉर्ज घोडागाडीच्या अपघातांत दगावला आहे, आणि त्यास आपण कारण झालों हें शल्य ती कोणापाशीं उघड करीत नाहीं. तें कां? तिला वाचा नाहीं म्हणून नव्हे. त्या गांवीं कान असलेले शेजारीपाजारीही हातांच्या खुणांची भाषा सहज बोलत.

हें कल्पनाचित्र नव्हे. नोरा एलन ग्रोस या विदुषीनें १९८५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, एकोणिसाव्या शतकांत त्या बेटावर सुमारें १५५ माणसांत एक, व चिलमार्कमध्यें तर पंचविसांत एक, जन्मतः कर्णबधिर असे. नात्यागोत्यांतच विवाह होत राहिल्यानें बहिरेपण वंशांत टिकलें. मेरी गप्प आहे ती अपराधाच्या जाणिवेनें. आपल्यापैकीं कोणीही तसाच गप्प राहिला असता. तिला “बिचारी” म्हणावयाचेंच तर तें भाऊ गेला म्हणून म्हणावें.

पुढें एक तरुण संशोधक बहिरेपणाचें कारण शोधण्यास बेटावर येतो व मेरीला जिवंत नमुना म्हणून पळवून बोस्टनला नेतो. तेथें तिचे हात कोणास वाचतां येत नाहींत. मुलगी तीच, कान तेच. परंतु गांव बदलतांच ती मुकी ठरते! माझ्या मतें पुस्तकाचा प्राण येथें आहे. हा खलपुरुष जरा अधिकच काळा रंगविला आहे, आणि पळवापळवीच्या धांदलींत जॉर्जचें दुःख मागें पडतें, एवढी तक्रार मात्र मी करीन.

कोणी म्हणेल, असें बेट जगांत एखादेंच. खरें आहे, आणि तेंही आतां तसें उरलें नाहीं. १८१७ सालीं हार्टफर्ड येथें कर्णबधिरांची शाळा निघाली. बेटावरचीं मुलें तिकडे जाऊं लागलीं, त्यांचे विवाह बाहेर जुळूं लागले. त्या वंशांतील शेवटची कर्णबधिर व्यक्ति १९५२ सालीं वारली. परंतु जोंवर ती भाषा तेथें नांदत होती, तोंवर ऐकणाऱ्या मुलांस ती शिकविण्याकरितां कोणी वर्ग काढला नव्हता. शेजारच्या मुलांशीं खेळतां खेळतां ती त्यांस येत असे.