विवाहापुरते हिंदू, हक्काच्या वेळी परके!

परकीय सत्ता गेली म्हणजे तिचे कायदेही गेले, अशी भाबडी समजूत बाळगणाऱ्यांनी ब्रिटिशांचा 1936 चा अनुसूचित जाती आदेश एकदा डोळ्यांखालून घालावा. कोणीही हिंदी ख्रिस्ती अनुसूचित जातीचा नव्हे, आणि बंगाल प्रांतात बौद्ध धर्म पाळणाराही नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. 1950 साली प्रजासत्ताक आले, राष्ट्रपतींचा नवा आदेश निघाला, आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ती भिंत पाडण्याऐवजी अधिकच लांबविली. हिंदूव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारा कोणीही अनुसूचित जातीचा नव्हे! पंजाबातील काही शीख जातींचा तेवढा अपवाद. वस्तुतः ज्या 341 व्या अनुच्छेदाखाली हा आदेश निघाला, त्यात धर्माचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

त्याचा खरा घाव 14 ऑक्टोबर 1956 नंतर बसला. नागपूरच्या राखीव मतदारसंघातून 1962 साली विधानसभेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम सर्वोच्च न्यायालयात 1964 साली अपात्र ठरले. अपराध एवढाच, की त्यांनी बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारला होता. अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे 'हिंदू' शब्दात बौद्धही येतात, हा युक्तिवाद टिकला नाही. ते स्पष्टीकरण समाजसुधारणा व मंदिरप्रवेशाच्या उपखंडापुरतेच, असे ठरले. शब्दार्थाने निर्णय चुकला असे मी, वकील या नात्याने, म्हणणार नाही. दोष आदेशाचा होता. परंतु 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा वारसा कायदा बौद्धांना लागू आहेत, त्याचे काय? घटस्फोट घ्यावयाचा, बापाची शेती वाटून घ्यावयाची, तर आम्ही हिंदू. राखीव जागेवर उभे राहावयाचे, तर परके!

धर्म सोडला, अस्पृश्यता संपली, असे सांगणारे पंडित तेव्हाही होते. गावच्या पाणवठ्यावर मात्र दीक्षा कोणी विचारीत नव्हते. जुनी जातच विचारीत होते. आणि म्हणूनच कित्येक घरांत भिंतीवर तथागत व शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' अशी फाटाफूट झाली. हे खोटे कोणी लिहावयास लावले?

दीक्षेनंतर 34 व्या वर्षी, 1990 साली, संसदेने त्या परिच्छेदात 'बौद्ध' हा शब्द घातला. परिच्छेद मात्र तसाच उभा आहे. दलित ख्रिस्ती व मुसलमान अद्याप त्याच्या बाहेरच. वाटेकरी वाढतील या भीतीने आमच्यातील काही मंडळी याविषयी मौन पाळतात. त्यांना मी 1964 चा तो निकाल वाचावयास देतो.