मुलाचा ‘ताबा’

घराचा ताबा, जमिनीचा ताबा, तसाच मुलाचाही ताबा! घटस्फोटाच्या दाव्यांत रूढ झालेला हा शब्द आम्हांस खटकतो. पण त्यामागील वृत्ती अधिक खटकते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने बापास नैसर्गिक पालक ठरविले आणि आईस ‘त्याच्यानंतर’ स्थान दिले. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, असा अर्थ लावून हा अन्याय बराचसा सौम्य केला, हे खरे.

तथापि आमची मुख्य तक्रार विलंबाविषयी आहे. त्याच अधिनियमाचे तेरावे कलम मुलाचे हित सर्वोपरी मानते. पण तारखांमागून तारखा पडत असता मूल ज्याच्या घरी आहे तेथेच रुळते. आणि रुळलेले मूल हलविणे मग न्यायाधीशांच्याही जिवावर येते. निकाल न्यायालयाने दिला की दिनदर्शिकेने? चार वर्षांच्या मुलाचे एक वर्ष म्हणजे त्याचे पाव आयुष्य!

२००१ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. मुलांच्या पोषणाचा व शिक्षणाचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असे त्या कलमात घातले गेले. मूल राहील कोठे, दुसऱ्या पालकास भेटेल केव्हा, या अर्जास मात्र तेथे मुदत नाही. पैशाची घाई कायद्यास सुचली, मुलाची सुचली नाही. ही मुदत संसदेने या अर्जासही लावावी, आणि त्यातील ‘शक्यतो’ हा शब्द काढून टाकावा.