कामगार संघटना आणि आपले गैरसमज

आमच्या वसतिगृहांतून दहावी-बारावी करून बाहेर पडणारी कितीतरी मुले वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून रुजू होतात. निरोप देताना पालक त्यांना बजावतात, ‘युनियनच्या भानगडीत पडू नकोस.’ कित्येक शिक्षकही हाच उपदेश करतात. मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेल्या राज्यव्यापी संपात याच शिक्षकवर्गातील हजारो जण उतरले होते, ही गंमत येथे नोंदवून ठेवतो.

आपल्या समाजात सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की, बाबासाहेब कामगार संघटनांच्या विरोधात होते. त्यासाठी 1929 च्या मुंबईतील गिरणी संपाचा दाखला दिला जातो. त्या संपास त्यांनी विरोध केला, हे खरेच आहे. परंतु त्यामागची पार्श्वभूमी सांगितली जात नाही. गिरणीच्या विणकाम खात्यात मजुरी अधिक होती आणि तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धागा तोंडाने धोट्यात ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांस त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांचे भांडण संघटनेशी नव्हते. संघटनेत शिरलेल्या जातीशी होते.

याचा लेखी पुरावा आपल्या शेजारीच, मनमाडला आहे. 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी तेथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, एवढेच त्या भाषणातील आपण लक्षात ठेवले. त्यापुढचा तपशील फारसा कोणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरकामही करून घेतो, असे त्यांनी तेथे मांडले. कामगारांत फूट पाडल्याच्या आरोपासही त्यांनी उत्तर दिले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, मालकांना संघटनांची मान्यता बंधनकारक करणारे विधेयक त्यांनीच मांडले. संघटना करण्याचा हक्क तर संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदातच आहे.

संघटना म्हणजे संप, हा दुसरा समज. वस्तुतः संघटनेचे बहुतेक काम रूक्ष असते : हजेरीपट, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा, जादा तासांचा दुप्पट मोबदला. आठवड्याचे 48 तास ही मर्यादा 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यांत आली. ती आपोआप आली असे आमच्या मुलांना वाटते, कारण त्यांना तसे कोणी शिकवलेच नाही. वेतनचिठ्ठी एकट्याने मागितली तर ठेकेदार उद्यापासून येऊ नकोस म्हणतो. चाळिसांनी मागितली तर त्याला हिशेब काढावा लागतो.

पुढारी विकले जातात, हा आक्षेप मात्र आम्ही गैरसमजांत मोडत नाही. तसे पुढारी आम्हीही पाहिले आहेत. पण पतसंस्था बुडाल्या म्हणून कोणी बचत करणे सोडले नाही. आमची खरी तक्रार वेगळी आहे. कायम कामगारांच्या काही संघटना शेजारच्याच यंत्रावर राबणाऱ्या कंत्राटी मुलाला सभासद करून घेत नाहीत. सफाईचे काम तर ठेकेदाराकडे गेले की ते जणू कोणाचेच राहत नाही, आणि ते करणारे हात बहुतांशी कोणत्या वस्त्यांतले आहेत हे वेगळे सांगायला नको. विणकाम खात्याचे दार बंद ठेवण्याचाच हा आजचा प्रकार आहे. तो संघटनेबाहेर उभे राहून मोडता येणार नाही.

शाळेच्या व्यवस्थापनापुढे आम्ही एक सूचना ठेवतो. दहावीच्या वर्गास वर्षातून दोन तासिका द्याव्यात : एकीत मनमाडचे संपूर्ण भाषण वाचावे आणि दुसरीत वेतनचिठ्ठी कशी वाचायची ते शिकवावे. वाळूजला काम करणारे आपले माजी विद्यार्थी दुसऱ्या तासिकेला आनंदाने येतील.